बराकीशेजारचे बिऱ्हाड

लष्करी बँडचा इतिहास बहुधा गणवेश, संचलने आणि राजसोहळे यांच्या अंगाने लिहिला जातो, आणि म्हणून वाजवणाऱ्या माणसाचे बिऱ्हाड कोठे होते, त्याचा पगार घरात कसा पुरत असे आणि तो महिना-दीड महिना दौऱ्यावर गेला की मागे संसाराचे काय होत असे, हे प्रश्न त्या इतिहासात सहसा उमटत नाहीत. वास्तविक लष्कराच्या रचनेत बँड ही पहिल्यापासूनच अवघड जागा आहे. शिपाई तरुण, शक्यतो एकटा आणि हुकूम येताच निघणारा असावा, अशी कोणत्याही सेनेची अपेक्षा असते; उलट चांगला वादक घडायला दहा-बारा वर्षांचा रियाझ लागतो आणि त्याचा हात तयार होईपर्यंत तो पुष्कळदा संसारी झालेला असतो. अशा माणसाला पलटणीत ठेवायचे तर त्याच्या घराचे काय करायचे, हे ठरवणे भागच पडते. अमेरिकेच्या मरीन बँडचा, म्हणजे वॉशिंग्टन शहरात राष्ट्राध्यक्षांच्या सेवेत असलेल्या बँडचा, दोन शतकांहून अधिक काळाचा इतिहास या पेचाच्या दृष्टीने वाचला तर त्यातून एक वेगळीच हकिकत हाती लागते. हा बँड आरंभीच्या काळात कवायतीच्या मैदानाइतकाच वादकांच्या घरांतून घडला, आणि घर चालवण्याची विवंचना सरकारने वेळीच ओळखली नाही तेव्हा त्याने आपली उत्तम माणसे गमावली.

मरीन कोअर हे अमेरिकेचे सागरी पायदळ आहे, म्हणजे नौदलाच्या जहाजांवर राहून गरजेप्रमाणे जमिनीवर लढणारे सैन्य. ११ जुलै १७९८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात या दलासाठी एक ड्रम मेजर, एक फाइफ मेजर आणि ३२ ड्रम व फाइफ वाजवणारे अशी तरतूद होती. फाइफ ही आडवी धरून वाजवायची लहान, तीव्र स्वराची बासरी असते. ड्रमच्या जोडीने तिच्यावर हुकमांचे इशारे वाजवले जात. त्यामुळे कायद्याने दिलेले हे वादक मुळात इशारेकरी होते. मैफल करणारा वाद्यवृंद त्यात अभिप्रेत नव्हता. कोअरचे प्रमुख विल्यम वॉर्ड बरोज यांना मात्र खरा बँड हवा होता, आणि सरकारी पैसा नसल्यामुळे त्यांनी अधिकाऱ्यांकडून प्रत्येकी १० डॉलर वर्गणी मागितली. १८०१ च्या नववर्षदिनी या बँडने राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पहिल्यांदा वादन केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन बरोज यांच्याबरोबर घोड्यावरून हिंडले आणि त्यांनी शहराच्या आग्नेय भागात, आठवा रस्ता आणि आय रस्ता यांच्या नाक्यावर, मरीन बराकीची जागा मुक्रर केली. ती बराक अजूनही तेथेच आहे. पुढे ज्या बिऱ्हाडांविषयी लिहायचे आहे, ती तिच्याच आसपासच्या गल्ल्यांमधली होत.

जेफरसन स्वतः व्हायोलिन वाजवत. १७७८ मध्ये एका इटालियन परिचिताला लिहिलेल्या पत्रात त्यांनी माळी, विणकर, सुतार आणि पाथरवट अशी कामे करणारी, पण फ्रेंच हॉर्न, क्लॅरिनेट, ओबो आणि बसून ही वाद्येही वाजवू शकणारी माणसे युरोपातून मिळतील का, अशी विचारणा केली होती. वादकाला पोसायचे तर त्याला दुसरे एखादे काम असले पाहिजे, ही समजूत तेव्हा किती स्वाभाविक मानली जात होती, हे या पत्रातून दिसते. आणि ती पुढची शंभर वर्षे मरीन बँडचा पाठलाग करत राहिली.

१८०५ मध्ये भूमध्य समुद्रातील अमेरिकन आरमाराबरोबर असलेल्या कॅप्टन जॉन हॉल या मरीन अधिकाऱ्याने सिसिलीतील कातानिया शहरातून वादकांचा एक ताफा भरती करून वॉशिंग्टनला आणला. त्यांचा म्होरक्या गाएतानो कारूसी हा होता. ही माणसे एकटी आली नाहीत. बायका आल्या, मुले आली, आणि काही मुलांची नावे वादक म्हणूनच पटावर चढली. व्हेनेरांदो पुलित्सी हा मुलगा तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. समुद्र ओलांडून आलेल्या या कुटुंबांनी जे शहर पाहिले ते चिखलाच्या रस्त्यांचे, तुरळक घरांचे आणि दोन-तीन खानावळींचे गाव होते, आणि त्या देखाव्याने झालेला विरस कारूसीने पुढे लेखी मांडला. दरम्यान बरोज निवृत्त झाले होते आणि नव्या प्रमुखांना ही भरती मान्य नव्हती. ज्या अटींवर आपण घरदार सोडले त्या पाळल्या गेल्या नाहीत, अशी इटालियनांची तक्रार होती. उलट सरकारच्या दृष्टीने तो कायद्यात न बसणारा खर्च होता. बायकामुलांची व्यवस्था हा भरतीचा भाग आहे की वादकाची खाजगी बाब, हा वाद येथेच प्रथम उभा राहिला.

त्याचा एक धागा अतिशय करुण आहे. १८०७ च्या जूनमध्ये सेवेतून मोकळे झालेले काही इटालियन वादक कुटुंबांसह मायदेशी परतण्यासाठी ‘चेसापीक’ या युद्धनौकेवर चढले. २२ जूनला जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून थोडे पुढे गेले असेल, तोच पळपुट्या खलाशांचा शोध घेणाऱ्या ब्रिटिशांच्या ‘लेपर्ड’ या नौकेने ते अडवले आणि तोफा डागल्या. अमेरिकन जहाजाला धड प्रतिकारही करता आला नाही, कारण तोफा सज्ज नव्हत्या आणि डेकवर प्रवासाच्या सामानाची दाटी होती. हा प्रसंग अमेरिकेच्या इतिहासात १८१२ च्या युद्धाकडे नेणारी एक पायरी म्हणून शिकवला जातो; त्या दाटीत वादकांच्या संसाराच्या पेट्याही असणार, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. जहाज जखमी होऊन माघारी आले. कारूसी कुटुंब अमेरिकेतच राहिले, त्याच्या मुलांनी वॉशिंग्टनमध्ये नृत्य आणि संगीत यांची प्रसिद्ध सभागृहे चालवली, आणि बारा वर्षांचा पुलित्सी पुढे मरीन बँडचा नेता झाला. परदेशातून तयार वादक विकत घेण्याचा बेत फसला असे म्हणावे, तर त्याच बेतातून आलेल्या मुलाने बँड सांभाळला.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात बँड वाढत गेला, पण कागदावर तो अस्तित्वातच नव्हता. क्लॅरिनेट वाजवणारा असो की हॉर्न वाजवणारा, त्याची सरकारी नोंद ‘फाइफर’ किंवा ‘ड्रमर’ अशीच होई आणि वेतनही त्याच दर्जाचे मिळे. १८५६ मध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, आवारात आणि राष्ट्राध्यक्षांच्या बागेत वादन करण्याबद्दल महिना ४ डॉलर जादा देण्याचा कायदा झाला. २५ जुलै १८६१ रोजी, यादवी युद्ध सुरू झाल्यानंतर तीन महिन्यांनी, अब्राहम लिंकन यांनी सही केलेल्या कायद्याने एक प्रमुख वादक आणि ३० वादक असा बँड पहिल्यांदाच स्वतंत्र घटक म्हणून मान्य केला. तोवर तिसरी पिढी वाजवू लागली होती.

एवढ्या वेतनात घर चालत नसे, म्हणून बँडवाला दुपारी सरकारचा आणि संध्याकाळी शहराचा असे. नाटकगृहातील वाद्यवृंदात खुर्ची, लग्नसमारंभ आणि नृत्यसभा, शेजाऱ्यांच्या मुलांना व्हायोलिनची शिकवणी, यांवर त्याची हातातोंडाची गाठ पडे. या जोडधंद्यांकडे बेशिस्त म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. बराक एका जागी होती, राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान हलत नव्हते, त्यामुळे बँडही हलत नव्हता. आणि बँड हलत नव्हता म्हणूनच वादकाला घर घेता येत होते, शिष्य मिळवता येत होते, नाटकगृहाला शब्द देता येत होता. अपुऱ्या पगाराची भरपाई सरकार पैशाने करत नव्हते, स्थैर्याने करत होते. हा सौदा कोठेही लिहिलेला नव्हता, तरी दोन्ही बाजू तो पाळत होत्या.

इतर सैन्यांत हा सौदा नसे, आणि त्याचे परिणाम ब्रिटिश सैन्यात ठळक दिसतात. ब्रिटिश पलटणी जगभर फिरत. पलटण परदेशी निघाली की साधारण शंभर शिपायांमागे सहा बायकांनाच सरकारी खर्चाने जहाजावर घेत, आणि त्या सहा कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवत. ‘जायचे’ किंवा ‘जायचे नाही’ एवढेच त्या चिठ्ठीवर असे. शिपायाला याला इलाज नव्हता. बँडमास्तर मात्र पुष्कळदा अधिकाऱ्यांच्या वर्गणीतून नेमलेला नागरिक असे आणि त्याच्यावर लष्करी शिस्तीचे बंधन नसे, म्हणून १८५४ मध्ये पलटणी क्रिमियाच्या युद्धाकडे निघाल्या तेव्हा असे अनेक बँडमास्तर मागेच राहिले. त्याच वर्षी तुर्कस्तानातील स्कुतारी येथे राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात जमलेल्या बँडांनी राष्ट्रगीत एकाच वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांत आणि वेगवेगळ्या मांडणीत वाजवले, आणि मित्रराष्ट्रांच्या सेनापतींसमोर नामुष्की झाली. त्यातून १८५७ मध्ये लंडनजवळच्या नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली. ब्रिटिशांनी काढलेले उत्तर असे होते की बँडमास्तरलाच शिपाई करावे, म्हणजे तो पलटणीमागे जाईल. वॉशिंग्टनमधील उत्तर नेमके उलटे होते: बँडला जागेवर ठेवावे, म्हणजे वादक टिकेल. शिस्तीच्या दृष्टीने पहिले उत्तर सरस असेल; घराच्या दृष्टीने दुसरे निःसंशय सरस होते.

या स्थिर वस्तीत १८५४ मध्ये आंतोनियो सूझा नावाचा ट्रॉम्बोनवादक रुजू झाला. ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य असून त्याची लांब नळी पुढेमागे सरकवून सूर काढतात. आंतोनियोचा जन्म स्पेनमधील सेव्हिल येथे पोर्तुगीज आईबापांच्या पोटी झाला होता आणि त्याची पत्नी जर्मन होती. गोव्यात आणि वसईत सूझा, डिसूझा या रूपांत परिचित असलेले हे आडनाव पोर्तुगीजच असल्यामुळे मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटेल. ६ नोव्हेंबर १८५४ रोजी बराकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जी रस्त्यावरच्या एका लहान घरात, या दांपत्याला मुलगा झाला. तोच पुढे मार्च या चालीवरच्या संगीताचा जगप्रसिद्ध रचनाकार झालेला जॉन फिलिप सूझा होय. ‘मार्च’ म्हणजे पावलांच्या तालावर बांधलेली रचना.

या मुलाच्या भरतीची हकिकत त्याने स्वतः आत्मचरित्रात सांगितली आहे. त्याचे व्हायोलिन ऐकून एका सर्कशीच्या बँडप्रमुखाने त्याला बरोबर चलण्याचे आमिष दाखवले. मुलाने पळून जायचे ठरवले आणि ते गुपित शेजारच्या दोस्ताला सांगितले. दोस्ताने ते आपल्या आईला सांगितले आणि आईने सूझांच्या घरी पोहोचवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने रागाचा एक शब्दही न काढता मुलाला ठेवणीतले कपडे घालायला सांगितले, हात धरून बराकीत नेले आणि तेथे त्याची उमेदवार वादक म्हणून नोंद करून टाकली. तो दिवस ९ जून १८६८ चा होता आणि मुलाचे वय १३ वर्षांचे. उमेदवारी म्हणजे लहान वयात, पालकाच्या संमतीने, ठरावीक वर्षांसाठी सेवेत राहून कला शिकण्याची पद्धत. या प्रसंगाकडे गमतीची आठवण म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु त्यात बापाचा हिशेब स्पष्ट दिसतो. सर्कस म्हणजे फिरस्ती आणि बराक म्हणजे घर, हे त्या ट्रॉम्बोनवाल्याला अनुभवाने माहीत होते. मुलाला संगीतापासून तोडणे त्याच्या मनात नव्हते. त्याला मुलगा दौऱ्यापासून वाचवायचा होता, आणि त्यासाठी त्याने सरकारी नोंदवहीचा उपयोग केला.

जॉन फिलिप १८७५ पर्यंत बँडमध्ये राहिला, मग बाहेर पडून नाटक कंपन्यांच्या वाद्यवृंदांत काम करू लागला आणि ज्या फिरस्तीपासून बापाने त्याला सोडवले होते तीच त्याच्या वाट्याला आली. ३० डिसेंबर १८७९ रोजी त्याने जेन बेलिस या गायक अभिनेत्रीशी विवाह केला. पुढच्याच वर्षी तो एका नाटक कंपनीबरोबर सेंट लुइसला असताना मरीन बँडचे नेतेपद देऊ करणारी तार आली, आणि १ ऑक्टोबर १८८० पासून तो आपल्या जन्मघराशेजारच्या बराकीत परतला. त्यानंतर १८८१, १८८२ आणि १८८७ मध्ये त्याला तीन मुले झाली. पाच राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दी त्याने पाहिल्या, ‘सेम्पर फिडेलिस’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या रचना याच काळात केल्या, आणि बँड अशा दर्जाला नेला की वॉशिंग्टनबाहेरच्या लोकांनाही तो ऐकावासा वाटू लागला. १८९० पासून कोलंबिया फोनोग्राफ कंपनीने मेणाच्या नळकांड्यांवर या बँडची वादने मुद्रित करून विकायला सुरुवात केली. आवाज देशभर पोहोचला. वाजवणारे मात्र अजून शहर सोडून फारसे गेले नव्हते.

दौऱ्याची परवानगी मिळवणे सोपे नव्हते, कारण बँड राष्ट्राध्यक्षांच्या दिमतीला होता. १८९१ मध्ये सूझाने नौदलमंत्र्यांमार्फत आणि मग थेट बेंजामिन हॅरिसन यांच्याकडे विनंती नेली. सूझाच्या सांगण्याप्रमाणे, राष्ट्राध्यक्षांचाही तेव्हा देशात फिरण्याचा विचार होता, पण लोकांना आपल्याला पाहण्यापेक्षा बँड ऐकणे अधिक आवडेल असे म्हणून त्यांनी मान्यता दिली. व्यवस्था डेव्हिड ब्लेकली या खाजगी व्यवस्थापकाकडे होती. एप्रिल आणि मे महिन्यांतील सुमारे पाच आठवड्यांत बँड न्यू इंग्लंडमधील गावांपासून शिकागोपर्यंत फिरला. एका गावी दुपारी आणि पुढच्या गावी रात्री, अशा रीतीने दिवसाला दोन मैफलींचा क्रम अनेकदा पडे.

या दौऱ्याच्या तयारीचे दोन भाग होते, आणि इतिहासकारांनी त्यातील एकच नोंदवला आहे. बराकीतील तयारी डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. प्रत्येक वादकाच्या स्वरलिपीची पाने क्रमाने लावलेली असली पाहिजेत, कारण सूझा टाळ्या थांबण्याची वाट न पाहता पुढची जादा रचना सुरू करत असे आणि त्या क्षणी पान शोधत बसण्यास उसंत नसे. वाद्यांच्या पेट्या रेल्वेच्या मालडब्यात आदळणार म्हणून आतून गादीने मढवलेल्या हव्यात. लाल लोकरी कोट, ज्याचा रंग युरोपीय प्रथेनुसार वादकांना पलटणीच्या उलट रंगाचा गणवेश देण्यातून आला, तो रोजच्या धुरात आणि धुळीत नीट राहिला पाहिजे, कारण तिकीट काढून आलेल्या माणसाला तो कोटही पाहायचा असे. दुसरी तयारी बराकीबाहेरच्या गल्ल्यांत होती. पाच आठवडे वादक नाही म्हणून नाटकगृह त्याची खुर्ची रिकामी ठेवणार नव्हते. तेथे बदली माणूस बसणार आणि तो परत उठेलच याची शाश्वती नव्हती. शिकवणीची मुले दुसऱ्या मास्तराकडे जाणार. वाण्याचा हिशेब, भाड्याची तारीख, आजारी मूल, हे सगळे एका माणसावर येणार. स्थैर्याच्या बदल्यात कमी पगार, हा जो न लिहिलेला सौदा नव्वद वर्षे चालला होता, तो या दौऱ्याने पहिल्यांदा मोडला. कीर्ती बँडला मिळाली. तिची किंमत कोणत्या घरांनी भरली, हे शहरांच्या यादीत सापडत नाही.

सूझाला हे ठाऊक होते, कारण तो त्याच गल्लीत वाढला होता. वादकांच्या अपुऱ्या वेतनाविषयी तो वर्षानुवर्षे वरिष्ठांपुढे बोलत राहिला आणि फारसे काही निष्पन्न झाले नाही. १८९२ मध्ये बँड दुसऱ्या दौऱ्यावर पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन आला, आणि ब्लेकलीने सूझाला सरकारी पगाराच्या कित्येक पट वेतनावर खाजगी बँड काढण्याचे निमंत्रण दिले. ३० जुलै १८९२ रोजी तो सेवामुक्त झाला. त्याला कोणी कृतघ्न म्हटले तर तो अन्याय होईल. तिघा मुलांच्या बापाने काय करायला हवे होते, याचे उत्तर सरकारकडे नव्हते. पुढे त्याचे आयुष्य बहुतांशी आगगाडीत आणि जहाजावर गेले. १९१०-११ च्या जगप्रदक्षिणेत त्याची पत्नी आणि मुली बरोबर होत्या, परंतु हे सुख मालकाचे होते, त्याच्या वादकांचे नव्हे.

बँडवाल्याच्या घराचा हाच प्रश्न गोव्यात वेगळ्या रीतीने सुटला, आणि त्याची तुलना येथे अस्थानी होणार नाही. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चला जोडलेल्या गावशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, गाणे आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत. वॉशिंग्टनमध्ये जे बाप करत होता ते गोव्यात ही शाळा करत होती. तेथे तयार झालेले वादक एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश हिंदुस्थानातील पलटणींच्या आणि संस्थानिकांच्या बँडांत, तसेच मुंबईच्या हॉटेलांत आणि मूकपटगृहांत गेले. त्यांच्यापैकी अनेकांची कुटुंबे गावीच राहत, आणि मुंबईत त्यांचा आधार होता ‘कूड’. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी धोबी तलाव परिसरात मिळून चालवलेले सामायिक निवासस्थान. एका मोठ्या खोलीत देव्हारा, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या ट्रंका, आणि रात्री जमिनीवर पथाऱ्या. नोकरीहून परतलेला खलाशी किंवा वादक नाममात्र पैशात तेथे उतरे, संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोझरीची प्रार्थना म्हणे आणि गावाकडच्या खबरा मिळवे. ती ट्रंक हेच त्याचे शहरातले घर होते. वॉशिंग्टनच्या वादकाचे घर बराकीशेजारी होते आणि दौरा हा त्यातला खंड होता. गोव्याच्या वादकाची सारी नोकरीच दौरा होती आणि घर हा त्यातला खंड होता. गोमंतकीय संगीतकारांचा गौरव आता होऊ लागला आहे. गावी राहून घर चालवलेल्या बायकांचा इतिहास मात्र अजून लिहिला जायचा आहे.

सूझाच्या जाण्याने वॉशिंग्टनला जे कळायचे ते उशिरा कळले. ३ मार्च १८९९ च्या कायद्याने वादकांची संख्या दुप्पट करून ६० केली आणि नेत्याला अधिकाऱ्याचे वेतन दिले. तेव्हाचा नेता विल्यम सांतेलमान हा जर्मनीत जन्मला होता. प्रत्येक वादकाला एक फुंकवाद्य आणि एक तंतुवाद्य दोन्ही आले पाहिजे, असा आग्रह धरून त्याने बँडातूनच वाद्यवृंद उभा केला. त्याचा मुलगा विल्यम एफ. सांतेलमान याच बँडात व्हायोलिन वाजवू लागला आणि १९४० ते १९५५ या काळात नेता झाला. बापाच्या जागेवर मुलगा येण्याचे या बँडच्या इतिहासातील हे एकमेव उदाहरण आहे. दरम्यान नागरी वादकांच्या संघटना तक्रार करत होत्या की सरकारी पगार घेणारे बँडवाले कमी दरात कामे घेऊन आपल्या पोटावर पाय देतात. १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने सैन्यातील वादकांना स्थानिक नागरिकांच्या रोजगाराला बाधा येईल अशी बाहेरची कामे करण्यास मनाई केली. तक्रार न्याय्य होती. पण या कायद्याने जोडधंद्यांचा जुना आधार काढून घेतला, आणि वादकाचे घर पूर्णपणे सरकारी पगारावर आले. म्हणजे आता पगार घर चालवण्याइतका देणे, ही सरकारची जबाबदारी टाळता येण्यासारखी राहिली नाही.

आजची व्यवस्था या सगळ्या चुकांच्या थरांवर उभी आहे. मरीन बँडमध्ये निवड झालेला वादक चार वर्षांच्या करारावर रुजू होतो आणि सुरुवातीपासून स्टाफ सार्जंट हा हुद्दा धारण करतो, त्याला इतर मरीन सैनिकांप्रमाणे प्राथमिक युद्धप्रशिक्षण घ्यावे लागत नाही, आणि त्याच्या करारात त्याची सेवा फक्त मरीन बँडपुरती आहे असे नमूद असते. शेवटच्या कलमाचा अर्थ असा की त्याची बदली होत नाही. दर दोन-तीन वर्षांनी मुलांची शाळा बदलण्याची जी पाळी इतर सैनिकांच्या कुटुंबांवर येते, ती त्याच्यावर येत नाही. १९७३ मध्ये फ्रेंच हॉर्न वाजवणारी रूथ जॉन्सन ही बँडमधील पहिली स्त्री सदस्य झाली. त्यानंतर वादकाचे घर हा शब्दप्रयोग ‘वादक आणि त्याची बायको’ या एकाच अर्थाने वापरता येईनासा झाला. पती आणि पत्नी दोघेही याच बँडात वाजवतात अशीही घरे झाली.

दौरा मात्र राहिला. महायुद्धांसारखे खंड वगळता १८९१ ची परंपरा चालू आहे, देशाचे पाच विभाग केलेले आहेत आणि दर शरद ऋतूत त्यांपैकी एकाची पाळी येते, त्यामुळे कोणत्या वर्षी कोणता प्रदेश हे आधीपासूनच साधारण ठरलेले असते. मैफलींना आता प्रवेशशुल्क नसते. बराकीतील तयारी सव्वाशे वर्षांपूर्वीसारखीच आहे: स्वरलिपीची पाने, गादी लावलेल्या पेट्या, लाल कोट. घरातील तयारीत एक गोष्ट नवी आहे. वादक निघतो तेव्हा त्याची जागा, त्याचा पगार आणि त्याचे घर ही तिन्ही जिथल्या तिथे राहणार आहेत, हे त्याच्या घरच्यांना कागदावर लिहून मिळालेले असते. कातानियाहून आलेल्या कारूसीला आणि त्याच्या सोबत्यांना १८०५ मध्ये तेवढाच एक कागद हवा होता.